नौपाड्याचे घर आणि सान्वीचा बाप्तिस्मा

मी, श्रीमती मीराबाई देवराम साळवे, वय ७९, निवृत्त शिक्षिका, राहणार नौपाडा, ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणाला शंका असेल तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. माझे पती पाळक होते. आमच्या मंडळीत विश्वासणाऱ्यांची मुले जन्मापासूनच देवाच्या करारात धरतात, म्हणून त्या कराराची खूण, म्हणजे बाप्तिस्मा, तान्हेपणीच देतात. आमचा एकुलता एक मुलगा विनीत याच्या कपाळाला यांनीच पाणी लावले. एकोणतिसाव्या वर्षी तो मानपाड्याच्या बॅप्टिस्ट मंडळीत गेला आणि टाकीत बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेऊन आला. म्हणे पहिला धरायचाच नाही, तेव्हा मला कुठे काय कळत होते! हे बापाच्या तोंडावर म्हणाला.

२. नात सान्वी झाली तेव्हा आमचे हे अंथरुणाला खिळले होते. एकच मागणे होते, पोरीचा बाप्तिस्मा माझ्या हातून होऊ दे. विनीतने हात जोडून सांगितले, "बाबा, आमच्या पोटी जन्मली म्हणून तिला करार मिळत नाही. मोठी झाली की स्वतःच्या तोंडाने मागेल." चार महिन्यांनी हे गेले. बाप्तिस्म्याची चांदीची वाटी माझ्या शवपेटीत ठेवून माझ्याबरोबर पुरावी. सान्वीला देऊ नये.

३. सून रुचिता हिला शिलाई मशीन. बंद पडलेले आहे.

४. नौपाड्याचे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. विनीत कोपरला भाड्याने राहतो. आजीच्या घरी गेल्यावर मागची खोली माझी, असे पप्पांनी कबूल केले आहे, हे सान्वीनेच मला सांगितले. माझ्या श्रद्धेप्रमाणे ते बरोबरच आहे. आईबापाचे ते मुलाबाळांचे. पण जन्माने काही मिळत नाही, हे त्याचे मत ना? मग या एका कलमापुरती मी बॅप्टिस्ट. विनीतला काही नाही. सान्वीने अठरा पूर्ण झाल्यावर वकिलांसमोर स्वतःच्या तोंडाने म्हणावे, "आजोबा बरोबर होते, पप्पा चुकले." म्हणाली तर घर तिचे. नाही म्हणाली तर विकून पैसे आमच्या मंडळीला द्यावेत. तोवर कुलूप. पोर आता नऊ वर्षांची आहे. आणखी नऊ वर्षे बापाने तिच्या तोंडाकडे बघत बसावे.

हे असते तर त्यांनी मला हे कलम खोडायला लावले असते. ठाऊक आहे मला. खोडणार नाही.

५. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष करायची नसते, असे वकील म्हणाले. म्हणून विनीतलाच बोलावले. आईचा राग गेला असे समजून तो मिठाई घेऊन आला आहे, बाहेरच्या खोलीत बसला आहे. साक्षीदाराला मजकूर दाखवावाच लागतो असे नाही. मी दाखवणार नाही. न कळता केलेली खूण खरी धरतात की नाही, हे माझ्या माघारी याच कागदावर त्याला कळेल.

ठिकाण: ठाणे
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

सही: मीराबाई देवराम साळवे

आमच्या समक्ष सही केली. साक्षीदार:
१. ॲड. गोपीनाथ भोईर
२. विनीत देवराम साळवे