केकच्या पिशवीतली लवंग

३ मार्च
आजपासून शिस्त. एका बेकरीच्या मालकांना आमच्या लॅबकडून केकसाठी अशी पिशवी हवी आहे, जिच्या प्लॅस्टिकमध्येच बुरशी आणि खवटपणा रोखणारं काहीतरी असेल. साहेब म्हणतात, बुरशीला सॉर्बेट, खवटपणाला व्हिटॅमिन ई घाला आणि मोकळे व्हा. साहेबांना कल्पनाशक्ती नाही. मी लवंगेचं तेल निवडलं. एकटं दोन्ही कामं करतं. पिशवी पास झाली की सेक्शन हेड मीच.

९ मार्च
पहिली पिशवी तयार. हाताखालची केमिस्ट म्हणाली, सर, वास फार येतोय. नवीन आहे बिचारी.

१७ मार्च, सकाळी
आता मला वास अजिबात येत नाही. म्हणजे तेल उडून जातंय. डोस दुप्पट केला.

२२ मार्च
लिफ्टमध्ये शिरलो, तर आतले सगळे बाहेर पडले. बढतीची कुणकुण लागलेली दिसते. तरी भाव खायचा नाही. लेक हल्ली मांडीवर बसत नाही. मोठी झाली असेल. चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. सासूबाईंनी मात्र पिशवीचा तुकडा मागून घेतला. दाढ ठणकतेय म्हणे.

३० मार्च
केकवर बुरशीचा ठिपकासुद्धा नाही! कौतुकाने पँट्रीत ठेवले. संध्याकाळपर्यंत एकालाही कुणी हात लावला नाही. टिकणं म्हणतात ते हे.

४ एप्रिल
मालक आले. एक घास घेतला, पाणी मागितलं आणि म्हणाले, आता केक द्या. त्या माणसाला नाकच नाही! साहेबांनी कपाटातून सॉर्बेट आणि व्हिटॅमिन ईवाली पिशवी काढली. केमिस्टने गुपचूप करून ठेवली होती. ती पास. सेक्शन हेडही ती केमिस्टच. साहेब मला म्हणाले, आठवडाभर रजा घ्या. माझी दगदग दिसली म्हणायची कुणालातरी.

१२ एप्रिल
रजा संपली. काल लेक आपणहून मांडीवर येऊन बसली. म्हणाली, बाबा, आता तुम्ही परत बाबांसारखे झालात. मुलांचं काहीतरीच.

सकाळी लॅबचं दार उघडलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. लवंगेचा असा भपकारा! कुणी सांडलं एवढं तेल? कडक मेमो काढायचं ठरवलं आणि वासाचा माग घेत निघालो. खुंटीपाशी पोहोचलो. खुंटीला माझा कोट.

ओशाळलो. मेमो राहू दिला. संध्याकाळी निघताना कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. लेक दारातच उभी असते.