ज्यांची जर्सी, त्यांच्या घरी

पप्पा, उद्या दुपारी चर्चच्या मागच्या मैदानावर आपल्या उत्तन गावाची मॅच आहे, आणि मैदानात उतरणारे सगळेच्या सगळे गावातले आहेत. तू असतास तर म्हणाला असतास, मग त्यात सांगायचं काय, गावाच्या टीममध्ये गावातले नाही तर कोण खेळणार? तेच सांगायला बसलेय. तू गेलास तेव्हा मी आठवीत होते. आता मी शहरात सिल्व्हर पार्कजवळच्या एका दवाखान्यात हिशेबाचं काम बघते, आणि क्लबच्या कमिटीतही आहे. गावात पदवी घेतलेल्या मुली कमी, त्यामुळे अर्ज लिहायला, मैदानाची परवानगी आणायला मला बसवलं आणि मग उठवलंच नाही. या मधल्या काळात फुटबॉल इतका बदललाय की तुला कुठून सांगावं कळत नाही. म्हणून तुला माहीत आहे तिथूनच सुरू करते.

क्लबकडे जर्सीचा एकच संच होता, निळा, बाह्यांवर पांढरी पट्टी. मॅच संपली की सगळ्या जर्सी एका चादरीत बांधून ते गाठोडं एकेका घरी जायचं. या रविवारी विहिरीजवळच्या घरी, पुढच्या रविवारी आपल्याकडे, मग क्रुसाजवळच्या घरी. ज्यांच्या घरी खेळणारा पोरगा नाही त्यांच्याकडेही पाळी जायचीच, आणि पाळी चुकली तर बायका भांडायच्या. आई मोठ्या घमेल्यात जर्सी भिजवतेय, मी साबण लावतेय, तू ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळतोयस. वाळत घालायला जागा कुठली? बोंबील सुकवायच्या दोऱ्यांवरच. एका दोरीवर बोंबील, शेजारच्या दोरीवर आपली अख्खी टीम. त्यामुळे आपली पोरं मैदानात आली की दुसऱ्या गावची पोरं नाक धरून ओरडायची, "आले, सुके बोंबील आले!" काका, म्हणजे तुझा गोलकीपर, याने खूप चिडायचे. तू हसून म्हणायचास, "ओरडू दे रं. वासानं तरी कोनी जवळ येत न्हाय, मंग गोल कसा मारणार?"

याच वासासकट, माझ्या जन्माच्याही आधी, तुला मुंबईच्या कंपनीने उचललं. कुठल्याशा टूर्नामेंटमध्ये त्यांच्या साहेबाने तुला उजव्या बाजूला खेळताना बघितलं आणि गोडाऊनमध्ये नोकरी दिली. मागून काकांनाही घेतलं. सकाळी खोकी मोजायची, दुपारी प्रॅक्टिस. लीगची मॅच असली की गावातून टेम्पो निघायचा, आणि कंपनीच्या कँटीनवाल्यापासून टायपिस्ट बाईंपर्यंत सगळे आरडाओरडा करायला हजर. दुसऱ्या दिवशी तू पेपर आणायचास. तुला वाचता यायचं नाही, आईलाही नाही, आणि मी नुकती जोडाक्षरं शिकलेली. स्वयंपाकघरात चुलीपाशी बसून मी त्या दोन ओळी वाचायचे. दोनच ओळी असायच्या, कोण कोणाविरुद्ध आणि किती गोल. शेजारची मावशी दारात उभी राहून ऐकायची. तू म्हणायचास, "परत वाच." मी परत वाचायचे. मला वाटतं, वाचण्याला काही किंमत असते हे मला शाळेत नाही, तिथे कळलं.

आता पेपरात फुटबॉलला अर्धं पान असतं, पप्पा, आणि त्यात बहुतेक वेळा कोण कितीला विकला गेला तेच असतं. तुझ्या कंपनीने टीम बंद केली. खेळाडूंना पगार द्यायचा, सुट्टी द्यायची, हे परवडत नाही म्हणाले. काका सांगत होते, बूट आणि जाळी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढताना त्यांनी स्वतः बघितली. एकेक करून बऱ्याच कंपन्यांनी तेच केलं. आता मालकांचे क्लब आहेत, करार एका सीझनचा, सीझन संपला की पोरगा दुसऱ्या शहरात. मी काकांबरोबर अशा क्लबची मॅच बघायला गेले होते. एका स्ट्रायकरने गोल मारला आणि छातीवरचं क्लबचं चिन्ह ओठांना लावलं. काकांचे डोळे भरून आले. पुढच्या सीझनला तोच पोरगा समोरच्या टीममधून आला, गोल मारला, आणि तसंच चिन्ह ओठांना लावलं. काका उठले. म्हणाले, "चल. आता मी न्हाय बघनार." मी म्हटलं, अहो काका, त्या पोरालाही पोट आहे. ते म्हणाले, "पोट हाय, माहीत हाय मना. मंग कामाला आलोय म्हन ना. मुके कशाला घेतंस?"

गावातली पोरं आता केबलवर इंग्लंडच्या मॅच बघतात. माझा भाऊ, आपला धाकटा, तोही बघतो. तू गेलास तेव्हा तो चड्डीत होता, आता तुझ्याच जागी खेळतो, उजव्या बाजूला. त्याच्या अंगात केबिन रोडच्या बाजारातून आणलेली परदेशी क्लबची लाल जर्सी असते, पाठीवर कुणा भलत्याचंच नाव. मी त्याला नावं ठेवत नाही. मीही त्याच्या बाजूला बसून बघते, आणि ते लोक खरंच फार सुंदर खेळतात. पण तो क्लब हरला की तो जेवत नाही, आणि आपल्या मैदानावर आपली टीम हरली तर खांदे उडवतो, म्हणतो, "आपलं काय गं, आपण असेच." हे मला लागतं. आपलं ते असंच, हे त्याला कुणी शिकवलं?

आता यंदाच्या मे महिन्यातल्या, गावागावांच्या टूर्नामेंटचं. केबिन रोडवर टाइल्सचं दुकान असलेले एक शेठ आपल्या क्लबला मदत करतात. मनाने वाईट नाहीत. ते क्लबच्या खोलीत आले, प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानना. पब्लिक जीतनेवाली टीम देखने आती है. पाँच प्लेयर मैं लाता हूँ, नयी जर्सी मैं देता हूँ, खाना-पीना मेरा. आपको सिर्फ ताली बजानी है." ते पाच म्हणजे मोठ्या क्लबांमधून सुटलेले, मॅचवर पैसे घेऊन मे महिन्यात गावोगाव खेळणारे. ते आले की आपले पाच बाहेर बसणार, आणि त्यात आपला धाकटाही होता. मला वाटलं, काका उठतील; आता आपली टीम तेच निवडतात. तेच काका जे माझ्याबरोबर मैदानातून निघून आले होते. पण काका म्हणाले, "दर वर्षी पयल्याच राउंडात घरी येतो आपन. तिकडं सगळं विकलंय, मंग आपनच का उपाशी रवायचं?" मी म्हटलं, मला रविवारपर्यंत वेळ द्या.

ते दिवस कसे गेले ते मलाच माहीत. तू हसशील, पण मी दवाखान्यात बिलं करता करता स्वतःशी भांडत होते. मला हे चुकीचं वाटतं ते चुकीचं आहे म्हणून, की भावाची जागा जाते म्हणून? त्याच्या जागी दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर माझा आवाज एवढा चढला असता का? आणि दुसरं. कंपनीने तुला नेलं तेव्हा तूही गावाची टीम सोडून गेलासच की. मग तू आणि हे पाच जण, फरक काय? फरक शोधायला मी तुझ्याचकडे आले.

मी तिसरी-चौथीत असेन. खाडीपलीकडच्या गावाची फायनल होती आणि त्यांची माणसं जीप घेऊन आपल्या दारात आली, एकच मॅच खेळ, पैसे देतो म्हणाली. पावसाच्या आधी घरावर पत्रे घालायचे होते. तू गेलास, जिंकून आलास, आणि त्यांची पिवळी जर्सी नेहमीसारखी आईच्या घमेल्यात टाकलीस. आई मासळी साफ करत होती. तिने हात धुतले, ती जर्सी दोन बोटांनी उचलली आणि बाहेर ओट्यावर ठेवली. "ही आपली न्हाय. ज्यांची हाय त्यांच्या घरी धुऊ दे." तू म्हणालास, "अगं, जिंकून आलोय." आईने विचारलं, "कोन जिंकलं?" दुसऱ्या दिवशी मला सायकलच्या दांडीवर बसवून तू ती जर्सी परत द्यायला गेलास. त्यांच्या क्लबच्या माणसाने ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "धुतली न्हाय?" बसा म्हणाला नाही, पाणी विचारलं नाही. परत येताना मिठागराच्या बांधावर तू सायकल थांबवलीस. मला अजून तो पांढरा उजेड दिसतो, डोळे उघडत नव्हते. तू म्हणालास, "मी बॉल अडवला ना, तवा लोक ओरडले, शाब्बास उत्तनवाला. माझं नाव कोनालाच ठावं न्हवतं." पत्रे मात्र आले. अजून आहेत.

मग मला समजलं, पप्पा. कंपनी तुला पगार देत होती, पण तिथे तू अठरा वर्षं राहिलास. कँटीनवाल्याला माझं नाव माहीत होतं. तू अंथरुणावर पडलास तेव्हा टायपिस्ट बाई आपल्या घरी आल्या होत्या. आणि मे महिन्यात सुट्टी टाकून तू निळी जर्सी घालायला गावात यायचासच. पैसे घेण्यात पाप नाही. ज्यांच्यासाठी खेळायचं त्यांचा आपल्याशी काही संबंधच उरणार नाही, अशी व्यवस्था करून ठेवायची, यात काहीतरी चुकतंय. काकांना त्या दिवशी मैदानात जे बोचलं ते हेच. मोठ्या क्लबांचं मी काही करू शकत नाही. आपल्या मैदानाचं करू शकते.

रविवारी खोली भरली होती, शेठही आले होते. मी उभी राहिले आणि पिवळ्या जर्सीची गोष्ट सगळी सांगितली, पत्र्यांसकट. काका मान खाली घालून ऐकत होते. मागून कुणीतरी बोललं, "भावाची जागा जाते ना, म्हनून पोटात दुखतंय." सगळे हसले. हे कुणीतरी बोलणार याची मी आठवडाभर वाट बघत होते. मी म्हटलं, "मग भावाला बसवा. उजवीकडे गावातला दुसरा कोणीही घ्या. माझी हरकत बाहेरच्याला आहे, भावाच्या बसण्याला नाही." धाकटा दाराशी होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला.

तेवढ्यात खिडकीबाहेर बायकांमध्ये उभी असलेली आई म्हणाली, "त्या पाच जनांचे कपडे कोन धुनार?" शेठ अदबीने म्हणाले, "माँजी, टेन्शन मत लो. लॉन्ड्री में देंगे." आई म्हणाली, "मंग मॅच पन लॉन्ड्रीतच खेळवा." बाहेरच्या बायका आधी हसल्या, मग आतले, मग शेठसुद्धा. काका सगळ्यात शेवटी हसले, आणि हसता हसता थांबले. म्हणाले, "न्हाय शेठ. यंदा आपले आपनच." शेठ उठले, मला हात जोडले, "अगले साल देखेंगे, मॅडम," म्हणाले. नव्या जर्सी अर्थातच आल्या नाहीत. जुन्या निळ्याच आहेत, आता आकाशी म्हणाव्यात इतक्या विटलेल्या.

काकांनी माझा शब्द तंतोतंत धरला. उजवीकडे विहिरीजवळच्या घरातला पोरगा खेळतोय. त्याचा पाय जड आहे, पण धावतो मनापासून. धाकटा बाकावर. इतके दिवस तो माझ्याशी बोलत नव्हता, ताट घेऊन आईच्या बाजूला जाऊन बसायचा. मी त्याला समजावायला गेले नाही, कारण जे बोलले ते परत बोलायची माझी तयारी आहे. आज सकाळी बूट साफ करताना तो वर न बघता म्हणाला, "त्या विहिरीवाल्याला सांग, त्यांचा डावीकडचा आत वळतो, त्याला बाहेर ढकल." मी म्हटलं, तूच सांग. तो गेला सांगायला. मैदानावर दोघं बराच वेळ दिसत होते.

पुढच्या वर्षासाठीही मी ठरवलंय. आजूबाजूच्या सगळ्या गावांच्या क्लबांना भेटायचं, मे महिन्याच्या टूर्नामेंटमध्ये फक्त गावात राहणारा खेळेल असा नियम मागायचा. भाड्याने राहणाराही चालेल, कुठल्याही जातीधर्माचा, कुठूनही आलेला चालेल, पण त्याच्या दारात जर्सीचं गाठोडं गेलं पाहिजे. बरेच जण हसतील. हसू दे. खाडीपलीकडच्या गावाला मी सगळ्यात आधी जाणार आहे.

उद्याची टीम तगडी आहे. त्यांनी तीन बाहेरचे आणलेत, त्यातला एक टीव्हीवर दिसलेला आहे. आठवडाभर मी पोरांना, काकांना, बसमध्ये भेटेल त्याला सांगतेय की हरलो तरी चालेल, आपले आपण खेळलो हेच पुष्कळ. बोलायला ते फार छान वाटतं, आणि ऐकणारेही मान डोलावतात. हे पत्र मी कुणाला वाचून दाखवणार नाही, आईलाही नाही, कारण तुला लिहिताना ते वाक्य हाताखालून जाईना. हरलो तर मला अजिबात चालणार नाही, पप्पा. मला जिंकायचंय.