अर्ध्या पदराचा ध

मु. सावरटोला, पो. आरमोरी
ता. ५ डिसेंबर १९५४

सौ. नीलाबाईस,
स. न. वि. वि.

तुमचं कार्ड भेटलं. नागभीडच्या मास्तरीणबाईले भावजयीची आठवण झाली, आमचं नशीबच म्हणायचं! इकडे धानाची चुरणी चालू आहे. तोंडात कोंडा, कानात कोंडा, तुमच्या भावाच्या मिशीत तर पायलीभर. तरी पत्र लिहाले बसली, कारण आमच्या गुणाचं काय करावं ते समजून नाई राह्यलं.

पोरगी औंदाही दुसरीतच आहे. पाढे विचारा, निमकी विचारा, फटाफट सांगते. कविता एकदा ऐकली की पाठ. पण पुस्तक उघडलं की गाडी चिखलात रुतली म्हणून समजा. मागल्या आठवड्यात डिप्टी साहेब तपासणीले आले. गुणानं धडा असा धडाधडा वाचला, का देवाजी मास्तर खुशीनं हसाले लागले. साहेबानं जवळ येऊन पाह्यलं तर पान बकरीच्या धड्याचं, आन् बाईसाहेब वाचून राह्यल्या वाघाचा! सारी शाळा हसली, साहेबही हसले. गुणा नाई हसली.

बापानं तिले पोत्यांवर कोळशानं ‘धान’ लिहाले सांगितलं, तर तिनं साऱ्या पोत्यांवर ‘घान’ लिहून ठेवलं. तुमच्या भावाले तर वाचताच येत नाई, त्यायच्या ध्यानात कसं येणार? आरमोरीच्या बाजारात नूर मोहम्मद सेठनं विचारलं का रामाजीभाऊ, घाण विकाले काऊन आणली म्हणून.

मास्तर म्हणतात पोरगी आळशी आहे. रोज अंगठे धराले लावतात, छडीही बसते. आन् तुमचे भाऊ म्हणतात का संक्रांत झाली की नाव काढून टाकतो, घरी राहील, रोवणं शिकेल. मी दोन शब्द बोलली तर उठून बाहेर गेले. नीलाबाई, माही पोरगी ढ नाई. आई आहे म्हणून म्हणत नाई, खरंच नाई. तुम्ही एवढी पोरं पाहता, तुम्हीच सांगा आता काय करू.

आमच्यावर माया आहे तशीच असू द्या, पण उत्तराले उशीर नका करू.
तुमची,
सुगंधा

नागभीड
ता. १४ डिसेंबर १९५४

ती. सौ. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

‘घान’ वाचून मी इतकी हसली का ह्यांनी चहा बाजूले ठेवून पत्र मागितलं. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि हसू पार गेलं.

वहिनी, गुणा आळशी नाई. माझ्या वर्गात मलिका नावाची पोरगी आहे, शिंप्याची. बोलण्यात साऱ्यांच्या पुढे, पण अक्षरं जागेवर बसतच नाईत म्हणते. ह्याले काय नाव आहे मले ठाऊक नाई, ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नाई. मारून काही होत नाई, एवढं मात्र पाह्यलं. तिले काय कामी पडलं ते लिहिते. सुपात कोंडा पसरा. एका दिवशी एकच अक्षर, हातभर मोठं, बोटानं काढायचं आणि काढता काढता मोठ्यानं म्हणायचं. आणि हे सांगा का अक्षराची वरची रेघ म्हणजे त्याचा पदर. घ नं डोक्यावर पूर्ण पदर घेतला आहे, ध चा पदर अर्ध्यावर सरकला. म पदरवाली, भ चा सरकलेला. मलिका आता पाटीवर आधी पदर पाहते, मग अक्षर बोलते!

देवाजी मास्तरले माझा नमस्कार सांगा आणि म्हणा का तिले साऱ्यांसमोर वाचाले उभं करू नका. परीक्षा तोंडी घ्या, आणि वाचाले वेळ द्या.

भाऊवर रागावू नका. तो तुम्हाले कधीच सांगणार नाई, म्हणून मी सांगते. मी पहिलीत होती, तो दुसरीत. मास्तर भ म्हणत, हा म काढायचा. एक दिवस छडी तुटेपर्यंत मारलं. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं, तो मात्र रडला नाई. दुसऱ्या दिवशी बैल घेऊन रानात गेला, तो शाळेत पुन्हा आलाच नाई. त्याले पोरीची शाळा नको असं नाई हो. तिनं मार खाल्लेला त्याच्याच्यानं पाहवत नाई.

गुणाले माझा पापा. तुमचा आशीर्वाद आहे तोवर मी निर्धास्त आहे.
तुमची,
नीला

सावरटोला
ता. ६ फेब्रुवारी १९५५

सौ. नीलाबाईस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी चुलीपाशी बसून रडली. एवढा संसार झाला, पण ह्या माणसानं तोंडातून शब्द काढला नाई!

कोंड्याचं सूप रोज पडवीत मांडते. शेजारच्या रुखमाबाईनं पाह्यलं आणि विचारलं का हा कोणत्या देवाचा विधी. मी म्हटलं पदराचा. तेव्हापासून गावभर झालं का सुगंधेनं नवं व्रत धरलं, उद्यापनाले जेवण आहे का म्हणून बाया विचारून राह्यल्या! गुणाले मात्र गंमत वाटते. आता ध काढला की माहाच पदर मागे ढकलते.

मास्तर अडून बसले आहेत. एकीले सूट दिली तर डिप्टी साहेबाले काय सांगू, म्हणतात. मी तिळाचे लाडू देऊन पाह्यले. लाडू खाल्ले, हो मात्र म्हटलं नाई. अंगठे धरणं चालूच आहे. संक्रांत गेली, तुमचे भाऊ नाव काढण्याचं बोलले नाईत, पण ठेवण्याचंही नाई. सुपाजवळ दोर वळत बसतात. इतका दोर वळला का साऱ्या गावचे बैल बांधता येतील. काय आहे त्यायच्या मनात, देवाले माहीत. मले धास्ती वाटते.

अशीच आठवण ठेवा, आणि सुट्टीत या.
तुमची,
सुगंधा

सावरटोला
एपरिल १९५५

नीला,
तूले आसिरवाद.

हे पत्र मी सोता लिवून रायलो. सूगंधाले सांगतलं नाई. तीन दीस लागले.

गूना पास झाली. तीसरीत गेली. मास्तरनं तोंडी इचारलं. एक घडा बी वाचाले देला. बोट ठेवून हळूहळू वाचला. मी खीडकीपासी होतो.

होळी झाल्यावर मी साळेत गेलो. मास्तरले हात जोडले. मनलं माह्या पोरीले मारू नका, तोंडी इचारा. माह्यासाठी कोनी गेलं नवतं. मास्तरनं छडी खाली ठेवली. मंग हो मनले.

सारे झोपले का मी बी कोंडयात बोट फीरवत होतो. गूनानं पकडलं. आता तेच माही मास्तरीन. चूकलो तर हासते. मारत नाई.

लोभ हाये, तो ठेवजो. उत्तर मोठया अक्षरात लिवजो. मीच वाचीन.

रामाजी