कॉम्प्रेसरचं अजून एक वर्ष

३ जून, महदिया बंदर
आज पुन्हा तेच! बर्फखान्याचा कॉम्प्रेसर बदला म्हटलं की मालकांना, सी मोन्जींना, गेल्या वर्षी घातलेला क्रँकशाफ्ट आठवतो. "इंजिनीयरबाई, चाळीस हजार दिनार ओतलेत त्यात. समुद्रात फेकू?" अहो, ते गेले! मशीन ठेवलं तरी गेले, काढलं तरी गेले. पुढच्या वर्षी जुना किती खाणार आणि नवा किती, एवढंच बघायचं असतं. चार वर्षं घसा कोरडा करतेय. बत्तीस वर्षांचं धूड ते. आत पाऊल टाकलं की अमोनियाने डोळे चुरचुरतात. कुणाचा तरी जीव घेणार आहे.

५ जून
मांडला हिशेब. जुना आणखी वर्षभर चालवला तर वीज, दुरुस्ती, भंगारभावातली घट मिळून एकतीस हजार. नवा, किंमत पंधरा वर्षांवर पसरून, वर्षाला छत्तीस. म्हणजे जुनाच ठेवा! सी मोन्जी खूश. "तुमचाच कागद बोलतोय, बाई." टराटरा फाडावासा वाटला.

९ जून
मेकॅनिकच्या वहीत वर्षभराच्या दुरुस्त्या फक्त चार! शक्यच नाही. आमचे म्हातारे मेकॅनिक, अम्म लझहर, म्हणजे सगळ्यांचे लझहरकाका, रोज त्या धुडाखाली आडवे असतात. जाब विचारला तर कॉम्प्रेसरवर टांगलेल्या माशाच्या वाळक्या शेपटीकडे बोट दाखवतात. "पोरी, मशीनचं दुखणं कागदावर चढवलं की नजर लागते." डोकं आपटून घ्यावंसं वाटलं! म्हटलं, "तुम्ही लिहीत नाही म्हणून तर ते स्वस्त दिसतंय, अम्म!" ते खोकत पुन्हा धुडाखाली शिरले.

१० जून
पुन्हा भांडले. "आधी होड्यांना बर्फ, मग तुझी वही." हट्टी म्हातारा!

१४ जून
कॉम्प्रेसरचं सील फुटलं, अमोनिया भसाभसा बाहेर. अम्म लझहर आत होते. दोन कोळ्यांनी तोंडाला ओली फडकी बांधून त्यांना ओढून काढलं. जगतील म्हणतात. उजव्या डोळ्याचं सांगता येत नाही.

१६ जून
सी मोन्जींनी नवा मागवला. आता! वर मलाच विचारतात, "आठवड्यातून तीनदा बंद पडायचा, हे मला कुणी सांगितलं?" पाळीवाल्यांना विचारून बंद पडल्याचे खरे तास जुन्याच्या हिशेबात घातले. वर्षाला अठ्ठेचाळीस हजार! कधीच बदलायला हवा होता. त्या शेपटीचा इतका राग आला की उपटून फेकली.

१८ जून
दवाखान्यात गेले होते. राहवलं नाही. "नजरेपायी डोळा घालवलात, अम्म!"
"कसली नजर, पोरी. चार वर्षांपूर्वी तुझा कागद वाचला होता मी."
घरी येऊन तो शोधला. नव्या मशीनचे फायदे. तिसरी ओळ, माझ्याच अक्षरात: एका मेकॅनिकचा पगार वाचेल.