चौदा बाटल्यांचं पाणी

आर. के. पुरम, नवी दिल्ली
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

शार्दूलदादा,

इंदुमतीमामींना आणि रुचिरावहिनीला माझा नमस्कार सांग. तुझ्या अवनीचा खोकला कमी झाला असावा. आमच्याकडे बाबा निवृत्तीच्या कागदांत आहेत, आई भाड्याच्या घराच्या शोधात, कारण मार्चमध्ये हे क्वार्टर सोडायचं आहे. हवा वाईट असल्यामुळे खिडक्या आठवडाभर बंद आहेत.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. काय घडलं ते आधी क्रमाने लिहिते. यातलं बरंच तुला माहीत आहे, पण मला ते एका कागदावर हवं आहे.

१. फेब्रुवारी २०२२. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ, समुद्रतळापासून वीस मीटर वर, पाण्याचा खारेपणा मोजणारं उपकरण दोराला बांधून सोडलं. सोडणारा तू.

२. फेब्रुवारी २०२४. ते वर काढणाराही तूच. दोन वर्षांच्या शेवटी ते पाणी पूर्वीपेक्षा ०.०२ ने कमी खारट दाखवत होतं.

३. त्याच दिवशी त्याच जागी तू तळाजवळच्या पाण्याच्या चौदा बाटल्या भरल्यास आणि जहाजावरच मोजल्यास. त्यांचाही आकडा तेवढाच कमी आला.

४. ऑगस्ट २०२४. मी दिल्लीत हे आकडे तपासले. उपकरणात मळ साचल्यामुळे ते कमी दाखवतं आहे असं धरलं आणि ती घट 'दुरुस्त' केली. बाटल्या वर येताना गळल्या, वरचं कमी खारट पाणी आत शिरलं, असं लिहून चौदाही बाटल्यांना ४ हा शेरा दिला. ४ म्हणजे बाद.

५. मार्च २०२५. तुझं कंत्राट वाढवलं नाही. फाइलवर कारण: नमुने घेण्यात निष्काळजीपणा.

६. १४ ऑक्टोबर २०२५. उपकरण प्रयोगशाळेतून तपासून परत आलं. त्यात दोष निघाला ०.००१ चा, म्हणजे नसल्यातच जमा.

तू बरोबर होतास. बाटल्या गळल्या नव्हत्या.

हे कळून आज सत्तावीस दिवस झाले. भाऊबीजेला तू आला नाहीस, तेव्हा प्रयोगशाळेचा तो अहवाल माझ्याकडे येऊन नऊ दिवस झाले होते. आईने ओवाळणीचं ताट तयार ठेवलं होतं. पाच वाजता तिने ते उचललं. अहवालाचं मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

गेल्या रविवारी सांगितलं. ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, "शार्दूलदादाचे आकडे खरे होते."

"कुठले आकडे?"

"ज्यांच्यावरून त्याची नोकरी गेली."

तिने मेथी बाजूला ठेवली. तुझ्या आत्याला समुद्रातलं काही कळत नाही असं आपण दोघं नेहमी म्हणायचो, पण तिने मला पाऊण तास बसवून सगळं समजून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे खाली जाणारं पाणी हलकं झालंय, हे तो सांगत होता. आणि तू कागदावर ते परत जड करून ठेवलंस."

मी "हो" म्हटलं. यापेक्षा नेमकं आमच्या बैठकीत कोणी बोललेलं नाही.

"मग फोन कर त्याला."

"उचलत नाही."

"का उचलेल? लिही." आणि मग, भाजी परत पुढ्यात ओढत, "वहिनी मला फोनवर काय म्हणाली माहितेय? नऊ वेळा अंटार्क्टिकाला जाऊन आलेला माझा मुलगा गुरुग्राममध्ये लोकांच्या किचनमध्ये उभा राहून नळाचं पाणी तपासतो. तुझ्या कृतिकेने त्याला तपासायला दुसरं ठेवलं काय?"

मामी चूक बोलल्या नाहीत.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तू जहाजावरून फोन केला होतास. आवाज तुटत होता. तू म्हणालास, "अगं, इथे किनाऱ्यावरून असा वारा येतो की समुद्रावरचं बर्फ ढकलून लांब नेतो. मागे उघडं पाणी राहतं, ते गोठतं, वारा तेही नेतो. परत उघडं पाणी. सगळा हिवाळाभर हाच धंदा. आणि बर्फ जमताना मीठ बाहेर टाकतं, ते खालच्या पाण्यात उतरतं. गार आणि खारट, दोन्ही. मग ते पाणी जड होऊन उतारावरून तळाला घसरतं आणि जगभर चालत सुटतं. आपल्या हिंदी महासागराच्या तळालाही हेच पाणी आहे, कृतू." मी विचारलं, किती वेळ लागतो? तू म्हणालास, "शेकडो वर्षं. ह्याला काही घाई नाहीये यार." त्या फोनमुळे मी या विषयात आले. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आणि आज सांगून काही साधतं असंही नाही.

आता चौथ्या कलमाबद्दल. वर ते मी जसं लिहिलं आहे, तसं वाचलं तर ती साधी चूक वाटते. ती साधी नव्हती.

आकडे तपासायच्या आधी आमची बैठक झाली. मी तुझ्या बाटल्यांचा तक्ता पडद्यावर लावला. अंशुमन, जो माझ्याच खोलीत बसतो, हसत म्हणाला, "भाई की बोतलें हैं, बहन तो पास करेगी ही." सगळे हसले. सरही हसले. त्याच्या मनात काही नव्हतं, पुढच्या मिनिटाला तो चहा सांगत होता. मी मात्र जागेवर येऊन ठरवलं की तुझ्या नमुन्यांना इतरांपेक्षा कडक निकष लावायचा. मला ते प्रामाणिकपणाचं वाटलं.

मग मी जुन्या सरासरीशी जुळेल अशी एक सरळ रेषा ओढली, सुरुवातीला शून्य, शेवटी ०.०२, आणि तेवढं मीठ प्रत्येक आकड्यात परत घातलं. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट पाहायला हवी होती, पण आमचा अहवाल सप्टेंबरमध्ये द्यायचा होता. तू मेलमध्ये लिहिलं होतंस की त्या खोलीवर, त्या अंधारात आणि गारठ्यात, उपकरणावर मळ साचत नाही. मी उत्तर दिलं होतं: "नोंद घेतली." तू सख्खा मामेभाऊ, आणि मी तुला दोन शब्दांचं सरकारी उत्तर दिलं.

आणि बाटल्या. गळणारी बाटली आपापल्या परीने गळते. एक जास्त, एक कमी, एखादी अजिबात नाही. चौदा बाटल्या एकसारख्या, तिसऱ्या दशांशापर्यंत एकसारख्या, गळत नाहीत. हे मला नंतर कळलेलं नाही. शेरा देताना माहीत होतं. मी तक्ता पाहिला, मला ते दिसलं, आणि मी ४ टाकला. चौदा वेळा.

मार्चमध्ये सरांनी मला बोलावलं. तुझी फाइल टेबलावर होती. "शार्दूल के बारे में कुछ कहना है?" मी म्हटलं, "सर, तो माझा नातेवाईक आहे. मी मत देणं योग्य नाही." त्यांनी मान डोलावली. मला वाटतं त्यांना माझं कौतुक वाटलं असावं. मत देता आलं नसतं हे खरं. पण त्या चौदा आकड्यांबद्दल सांगता आलं असतं. ते मत नव्हतं. मी दार ओढून घेतलं आणि जेवायला गेले.

तू चुकला असतास तर एका अर्थी बरं झालं असतं. तू बरोबर आहेस याचा अर्थ किनाऱ्यावरच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी तिथे मिसळतं आहे, बर्फाने टाकलेलं मीठ त्याला पुरत नाही, आणि जेवढं पाणी तळाला जायला हवं तेवढं जात नाही. आमचा एकच दोर, एकच जागा, दोनच वर्षं. त्यावरून मोठं विधान करणार नाही. पण इतर देशांचे आकडेही याच दिशेने जातात. चुकलेले आकडे सुधारणारं दुरुस्तीपत्र काढलं म्हणून तिथलं काही थांबणार नाही.

तुझं नुकसानही त्याने भरून निघणार नाही. मी चौकशी केली. तुझ्या जागेवर जुलैत दुसरा माणूस घेतला आहे, आणि वयाच्या अटीमुळे तुला पुन्हा अर्ज करता येणार नाही. खोटी आशा लावण्यापेक्षा हे लिहिलेलं बरं.

उरतं ते एवढंच. दुरुस्तीपत्राच्या सरांनी केलेल्या मसुद्यात एक ओळ आहे: "नव्या तपासणीनुसार आकडे सुधारले." त्यात बाटल्या नाहीत, तू नाहीस. मी म्हटलं, चौदा बाटल्यांचा शेरा ४ वरून १, म्हणजे ग्राह्य, करायचा आहे, नमुने घेणाऱ्याच्या नावासह. ते म्हणाले, "ओरिजिनल शीट कहाँ है?" बाद नमुन्यांचे कागद आम्ही जपून ठेवत नाही. ते नष्ट झाले आहेत. पण डेकवर उभं राहून तू स्वतःच्या वहीत पेन्सिलने लिहायचास, बाटलीचा क्रमांक, खोली, वेळ, किती वेळा खळबळून घेतली ते सगळं. ती वही आली तर शेरा बदलेल. नाही आली तर तुझे नमुने कायमचे बाद राहतील, आणि पुढे जो कोणी ते आकडे उघडेल त्याला निष्काळजीपणाच दिसेल.

चूक माझी होती, आणि मार्चमध्ये मी गप्प बसले, हे मी वेगळं लेखी दिलं आहे. वही येवो न येवो, ते मागे घेणार नाही. माझं काय होईल ते अजून कळलेलं नाही.

माफी मी इथे मागत नाही. पत्रात मागितलेली माफी तुला घरी बसून वाचावी लागते, आणि नको असली तरी वाचून होते.

वही पाठव, किंवा 'नाही' असं लिहून कळव. दुरुस्तीपत्र सोमवारी, १ डिसेंबरला जाणार आहे. तुझं उत्तर शुक्रवार, २८ नोव्हेंबरपर्यंत मिळावं.

तुझी आतेबहीण,
कृतिका