तुकोजीमामांच्या कोंबड्या आणि माझं मॉडेल

१२ जानेवारी

काहीच जुळत नाही! भोपाळच्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट आले — तीन फार्मांवर बर्ड फ्लू. पंधरा दिवस सगळे म्हणत होते, कोंबड्या थंडीनं मरतायत. मीसुद्धा! आता नकाशावर तीन लाल ठिपके, आणि तिन्ही एकमेकांपासून लांब. माझं कॉम्प्युटरवरचं साथीचं मॉडेल सांगतं, साथ शेजारून शेजारी जाते. इथे मधली आठ फार्मं ठणठणीत!

आमच्या विभागप्रमुख निरुपमा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मॉडेल चुकत नाही स्नेहल, माहिती अपुरी असते." त्यांना बोलायला काय जातंय? पुढचं फार्म कुठलं, ते मला सांगायचंय. आणि तुकोजीमामांच्या नऊ हजार कोंबड्या त्याच पट्ट्यात आहेत. भीती वाटते.

१३ जानेवारी

मॉडेलमध्ये वारा घालून पाहिला. तळ्यावरचे पक्षी घालून पाहिले. तेच! डोक्याचा भुगा झालाय.

१५ जानेवारी

फार्मांच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही असते. त्या वह्या मागवल्या. तिन्ही वह्यांत एकच नाव — यशराज, पाणीगेट भागात राहणारा, कोंबड्यांच्या खाद्याचा टेम्पो चालवतो. सापडला! मॅडमना लगेच कळवलं. संध्याकाळपर्यंत त्याला घरी बसवलंसुद्धा.

त्याचा फोन आला. "बेन, हुं तो दरेक गेट पर टायर धोउं छुं." प्रत्येक गेटवर टायर धुतो म्हणे. आवाजात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

१६ जानेवारी

पण यशराज मधल्या आठ फार्मांवरही जातो! मग तिथे का नाही? हे काल का नाही दिसलं मला? मॅडम म्हणाल्या, "बघू." बघू म्हणजे काय? तो घरी बसलाय!

मामा फोनवर — "बाहेरच्यांना शेडमध्ये यायला बंदी करू का गं?" म्हटलं, आजच करा.

१८ जानेवारी

तारखा लावायच्या म्हणून हीच डायरी मागे चाळली. डिसेंबरपासून दर शनिवारी मी माहिती गोळा करत फिरले — पहिल्या फार्मवरून दुसरं, पुढच्या शनिवारी दुसऱ्यावरून तिसरं. ठिपक्यांचा क्रम तोच. अगदी तोच. मधली आठ माझ्या यादीत नव्हतीच.

वह्यांत माझं नाव नाही. मामांनी सगळीकडे सांगून ठेवलेलं, "माझी भाची येतेय." भाचीला वहीत कोण लिहितं? चहा, गप्पा, निघताना हातात अंड्यांचा ट्रे. नको म्हणून तर बघा! गोत्री भागातल्या आमच्या घरमालकांना अंडं नजरेलासुद्धा चालत नाही. म्हणून तो ट्रे मी पुढच्या फार्मवरच्या कामगारांना द्यायची. त्यांच्या वाट्याला एरवी फुटकीच येतात, केवढे खूश व्हायचे! अंडी संपली की रिकामा ट्रे शेडमधल्या थप्पीवर. चांगला ट्रे कोण फेकतं?

मी पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालत होते. हात धूत होते. आणि त्याच हातांत ट्रे!

दहा तारखेला तिसऱ्या फार्मवरचा ट्रे मामींना दिला. फोन उचलला, ठेवला, परत उचलला. "मामी, तो ट्रे जाळा." मामी म्हणाल्या, "अगं, तो कधीच शेडमध्ये गेला. का गं?"

का ते सांगता आलं नाही. लाज वाटते.

१९ जानेवारी

मॉडेलमध्ये यशराजच्या जागी माझं नाव टाकलं. तिन्ही ठिपके चपखल बसले. चौथा मामांच्या फार्मवर. मॅडमना पाठवलं, सोबत लिहिलं — यशराजला आजच्या आज कामावर घ्या.

त्या म्हणाल्या, "नक्की विचार केलायस ना?" केला की नाही, कळत नाही. पाठवून मात्र दिलं.

२० जानेवारी

सकाळी मामांचा फोन. रात्रीत चाळीस गेल्या. रडत होते. "तुझं ते यंत्र सांगेल ना गं, कुणी आणलं हे माझ्या दारात?"

सांगितलं.