भिंतीकडची जागा

आई, तू चर्चमध्ये नेहमी शेवटच्या बाकावर, अगदी भिंतीला चिकटून का बसायचीस, ते मला आत्ता कळलं, साठी उलटल्यावर. लहानपणी मला वाटायचं, तिथल्या खिडकीतून वारा येतो म्हणून. वर्षातून दोन-चारदाच जायचो आपण, तुझी दवाखान्यातली ड्यूटी नसेल तेव्हा. बाबांना माहीत असायचं, पण घरात कुणी त्याचं नाव काढायचं नाही. वळणावर थांबून तू ओल्या पदरानं कुंकू पुसायचीस आणि परतताना तिथेच पिशवीतली डबी काढून पुन्हा लावायचीस. आरसा धरायचं काम माझं. "हलवू नको रे, वाकडं होईल," म्हणायचीस. मिस्सा चालू असताना सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेनं पुढे जातात, आणि आपण दोघंच मागे उरतो. तू गुडघे टेकून डोळे मिटतेस, मी लोकांच्या पाठी न्याहाळत बसतो. हिंदू माणसाशी कोर्टात लग्न केलेल्या बाईला तो प्रसाद मिळत नसे, हे मला तेव्हा कोण सांगणार? माझा तर बाप्तिस्माही झालेला नव्हता. बाबांच्या घरच्यांना दुखवायचं नाही म्हणून तू तो विषयच कधी काढला नाहीस.

आता घरात मी एकटाच असतो. बायको गेली, मुलगी पुण्याला. तिचा फोन येतो, पण तिला घाई असते आणि मला विषय सुचत नाही. मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, चला, मशिनच्या घरघरीतून कान सुटले. आता ती घरघरसुद्धा हवीशी वाटते. कधीकधी दिवसभरात माझं बोलणं होतं ते फक्त मासेवालीशी, आणि तेही भावावरून. असाच एका रविवारी बाजारातून येताना आपल्या त्याच चर्चमधून गाणं ऐकू आलं आणि मी बांगड्यांची पिशवी स्कूटरला अडकवून आत शिरलो. मांजरानं त्यांचा समाचार घेतला, ते नंतर कळलं.

बसलो तो नेमका बाकाच्या कडेला, वाटेवर. प्रसादाची वेळ झाली, ओळीतली सगळी माणसं उठली आणि मी आपला गुडघे आवळून ढिम्म. केरळची एक नर्स, ट्रॉलरवर काम करणारे ओडिशाचे दोघे खलाशी, सगळ्यांना माझे पाय ओलांडून जावं लागलं. भिंतीकडे बसलं की कुणाची वाट अडत नाही, हे तेव्हा कळलं. शेवटी एक म्हातारी थांबली. मूळची मालवणकडची.

"ऊठ रे, वाट कित्याक अडवून बसलंस?"

"मी तुमच्यातला नाही," मी म्हणालो.

"मगे काय झाला? हात छातयेर घडी कर आणि चल माझ्यावांगडा. फादर आशीर्वाद देतत."

मी गेलो. फादरनी डोक्यावर हात ठेवला. किती दिवसांनी मला कुणाचा हात लागला होता, आई. तेव्हापासून दर रविवारी जातो, त्या म्हातारीच्या शेजारी बसतो. एकदा ताप आला म्हणून चुकलो, तर पुढच्या खेपेला म्हातारी दारातच उभी. "गेल्या आयतवारी खंय होतंस? माका वाटला, आजारी पडलंस." मला देव भेटला असं लिहिलं तर तुला बरं वाटेल, पण तसं काही झालेलं नाही. मी आलो नव्हतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं, एवढंच. तेवढ्या प्रश्नावर माझा आठवडा गेला.

एका रविवारी घरी आलो आणि मग मात्र भयंकर राग आला. मला ही माणसं ओढून पुढे नेतात, मग तुला का नाही नेलं? तू तर त्यांचीच होतीस.

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही बाहेर चहा पीत होतो. म्हातारीनं उघड्या दारातून शेवटच्या बाकाकडे बघितलं आणि आपणहूनच बोलायला लागली. "आदी थंय एक बाई बसा, बारक्या झिलाक घेवन. लगीन भायर केल्यान हुता. कुंकू पुसून येय, पण कपाळार तांबडा ऱ्हवाच. आमी कोणी तिका कधी 'फुडे ये' म्हटला नाय. अजून मनाक लागता."

माझ्या हातातला चहा गार झाला. तो मुलगा मीच असं सांगितलं असतं तर ती रडली असती, आणि मला तुझ्या वतीनं तिला माफ करावं लागलं असतं. तो अधिकार माझा नाही, असं मी स्वतःला बजावतो. पण हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुला खरं सांगून टाकतो. एकदा कळलं की माझ्याकडे बघताना तिला तूच दिसशील, आणि मग कदाचित ती माझ्याशेजारी बसणार नाही. ती तिथे बसायला हवी आहे मला, आई.